एकूण अमोनिया नव्हे, विषारी अमोनिया

'चमकणाऱ्या रंगाचा सेन्सर पाण्यातला एकूण अमोनिया दाखवतो' हे कोळंबीच्या तलावातल्या अमोनिया सेन्सरवरच्या तुमच्या लेखातलं वाक्य कृपया दुरुस्त करा. रंग ज्या पाणी न शिरणाऱ्या पडद्याआड असतो, त्यातून फक्त मुक्त अमोनिया वायू आत जातो. तो रंगाच्या रेणूवरचा प्रोटॉन काढून घेतो आणि चमक बदलते. एकूण अमोनियातला दुसरा भाग, म्हणजे प्रोटॉन जोडलेला अमोनियम आयन, बाहेरच राहतो. कोळंबीला मारतो तो मुख्यतः हा मुक्त अमोनियाच, म्हणून तर हा सेन्सर आम्हाला हवाय! 25 अंश तापमानाच्या गोड्या पाण्यात सामू (pH) 8 असेल तर एकूण अमोनियातला साधारण 5 टक्केच मुक्त असतो, सामू 9 ला गेला की सुमारे 36 टक्के. खाऱ्या पाण्यात किंचित कमी, पण चाल तीच.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या तलावावर हेच झालं. सकाळी एकूण अमोनिया मोजणाऱ्या किटच्या नळीत फिकट हिरवा रंग, दुपारीही अगदी तोच. मी निर्धास्त. पण शेवाळाने दुपारपर्यंत सामू 7.9 वरून 8.9 वर नेला होता. कोळंबी किती खाते ते पाहायचा चेक ट्रे उचलला तर खाद्य जसंच्या तसं, आणि कोळंबी कडेला येऊन सुस्त पडलेली. एकूण आकड्याने मला काहीच सांगितलं नाही. आणखी एक, पडद्यावर चार दिवसांत बुळबुळीत थर चढतो आणि सेन्सर मंदावतो. तो पुसायचा कसा आणि किती दिवसांनी, हे लेखात यायलाच हवं होतं.