डीईएफची टाकी नाही म्हणजे डीपीएफ नाही? चुकीचं आहे

ठाण्यातल्या जुन्या गाड्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय की डिझेल गाडीला डीईएफ म्हणजे युरियाच्या पाण्याची टाकी नसेल तर तिला डीपीएफ म्हणजे एक्झॉस्टमधला काजळीचा फिल्टर पण नसतो, बिनधास्त घ्या. कृपया हे पुढे पाठवू नका. डीईएफ लागतं ते नायट्रोजन ऑक्साइड कमी करायला आणि डीपीएफ पकडतो काजळी, दोन्ही कामं वेगळी, आणि सुरुवातीच्या बऱ्याच बीएस६ (भारत स्टेज ६ हा प्रदूषणाचा नियम पाळणाऱ्या) गाड्यांत डीईएफ नव्हतं पण डीपीएफ होता.

आधी आरसी बघा. १ एप्रिल २०२० पासून बीएस६ लागू झालं, आरसीवर भारत स्टेज ६ असेल तर डीपीएफ आहेच असं धरून चाला. बीएस४ मध्ये बहुतेक गाड्यांना नव्हता, पण काही महागड्या गाड्यांना होता, म्हणून मॅन्युअलमध्ये डीपीएफचा दिवा दिलाय का ते शोधा. तरीही शंका असेल तर गाडी लिफ्टवर घ्या, एक्झॉस्टच्या डब्यातून प्रेशर सेन्सरच्या दोन बारीक नळ्या निघालेल्या दिसतात. गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या स्कॅनरवर काजळीचं प्रमाण पण दिसतं.

हे एवढं सांगतोय कारण साठलेली काजळी साधारण ६०० अंशाला जळते, आणि रोज घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये रांगणारी गाडी तेवढी तापतच नाही, मग फिल्टर चोक होतो आणि खर्च मोठा येतो. शिवाय काही जण आतली जाळी काढून रिकामा डबा तसाच ठेवतात, त्यामुळे नुसता डबा बघून व्यवहार करू नका, स्कॅनर लावाच.