‘हक्काचा कोटा हिसकावला’ म्हणणाऱ्यांना

सांगलीच्या दाजींनी परवा रात्री एक संदेश पुढे ढकलला आणि त्याखाली स्वतःची ओळ जोडली : ‘असंच असेल तर पोरीला या नादाला लावायचं कशाला?’ माझी भाची नववीत आहे आणि दोन वर्षांपासून दहा मीटर एअर रायफल खेळते, म्हणून हा संदेश वाचून सोडून देणे मला जमले नाही. ‘मराठी विश्वविजेत्याचा ऑलिम्पिक कोटा दिल्लीने हिसकावला’ असा त्याचा मथळा आहे (कोटा म्हणजे ऑलिम्पिकमध्ये उतरण्याची जागा) आणि त्याखाली चार दावे आहेत : कोटा जिंकणारा त्या कोट्याचा मालक असतो, निवड चाचणीत दशांश गुण पंच मर्जीने देतात, राष्ट्रीय स्पर्धेचे किंवा विश्वचषकाचे पदक म्हणजे ऑलिम्पिकचे तिकीट, आणि वशिला असला की वाइल्ड कार्ड, म्हणजे पात्रता न मिळवता थेट प्रवेश, मिळते.

पहिला दावा सर्वांत घातक आहे, कारण त्याच्या पोटात एक खरी घटना आहे. ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने ऑक्टोबर 2022 मध्ये कैरोच्या जागतिक स्पर्धेत दहा मीटर एअर रायफलचे सुवर्ण जिंकले आणि त्यासोबत 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकचा कोटा मिळवला; पॅरिसला मात्र या प्रकारात संदीप सिंह आणि अर्जुन बबुता गेले. इथवर संदेश बरोबर आहे. परंतु आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाने पॅरिससाठी प्रसिद्ध केलेली पात्रता नियमावली कोणालाही उघडून वाचता येते, आणि तिच्यात स्पष्ट म्हटले आहे की अशा स्पर्धांतून मिळणारी जागा त्या देशाच्या ऑलिम्पिक समितीची असते. खेळाडू आपल्या कामगिरीने देशासाठी एक जागा उघडतो. त्या जागेवर कोण उभे राहणार हे देश ठरवतो, आणि त्यासाठी निवडलेल्या खेळाडूचा किमान पात्रता गुणांचा निकष पूर्ण झालेला असला म्हणजे झाले. एका प्रकारात एका देशाला दोनच जागा मिळू शकतात, त्यामुळे तीन चांगले नेमबाज असलेल्या देशात एकाला घरी बसावेच लागते.

ही निवड भारताने 2024 च्या एप्रिल-मे महिन्यांत दिल्ली आणि भोपाळ येथे झालेल्या चार चाचण्यांतून केली. प्रत्येक खेळाडूच्या चारपैकी सर्वोत्तम तीन गुणसंख्या धरल्या गेल्या आणि कोटा मिळवून देणाऱ्यांना बोनसही होता. म्हणजे त्यांच्या श्रमाची दखल घेतलीच गेली नाही, हेही खरे नाही.

आता ‘मराठी म्हणून डावलले’ या आरोपाकडे येऊ. याच चाचण्यांतून राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभ्याने नेम धरण्याचा प्रकार) पात्र ठरला. त्याच प्रकारात उत्तर प्रदेशच्या अखिल शेओराणने 2023 मध्ये बाकूच्या जागतिक स्पर्धेत कांस्य जिंकून कोटा आणला होता. तो पॅरिसला गेला नाही, ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर गेला. महिलांच्या एअर रायफलमध्ये तर मेहुली घोष आणि तिलोत्तमा सेन या दोघींनी कोटे आणले आणि एलावेनिल वलारिवन व रमिता जिंदाल खेळल्या. बंगाल, कर्नाटक आणि उत्तर प्रदेश या तिन्हींवर एकाच वेळी सूड उगवणारी दिल्ली कोणती, हे संदेश लिहिणाऱ्याने सांगावे. त्याने स्वप्नीलचे नावच गाळले आहे, आणि ते चुकून गळलेले नाही.

एवढे मात्र मलाही मान्य करावे लागते की कोटा मिळाल्यानंतर दीड वर्षाने विश्वविजेत्याला पुन्हा जवळजवळ शून्यापासून उभे करणारी पद्धत क्रूर आहे. ती बदलावी की नाही यावर वाद जरूर व्हावा. पण क्रूर पद्धत आणि चोरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरा दावा वाचून मला हसू आले, मग चीड आली. दशांश गुण म्हणे पंच देतात! दाजी स्वतः भाचीच्या मागे खुर्ची टाकून बसलेले मी पाहिले आहे. कडक जॅकेटमध्ये ती श्वास रोखते, साडेचार मिलिमीटरचा छर्रा सुटतो, आणि तिने खांदा सैल करण्याआधीच शेजारच्या पडद्यावर 9.8 उमटते, पाहणारे सगळे एकदमच हळहळतात. मोठ्या स्पर्धांत हे काम इलेक्ट्रॉनिक टार्गेट करते. दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा, म्हणजे टाचणीच्या टोकाएवढा. त्याच्या मध्यापासून छर्रा किती सरकला यावरून 10.0 ते 10.9 ठरते. पंचाहत्तर मिनिटांत साठ गोळ्या आणि कमाल 654 गुण, असा हा हिशेब आहे. ज्यूरी नियमभंग, यंत्रातील बिघाड आणि तक्रारी पाहते; 10.3 ला 10.6 करण्याचा अधिकार तिला नाही.

तिसरा दावा अर्धवट माहितीवर उभा आहे. राष्ट्रीय स्पर्धेत कोटा कधीच नसतो. तिथून भारतीय संघाकडे जाणारी वाट सुरू होते, एवढेच. टोकियोच्या वेळी विश्वचषकांतून कोटे मिळत होते, आणि राही सरनोबतने 2019 मध्ये म्युनिकला तसा मिळवला. पॅरिससाठी ते दार बंद होते. शिवाय पदक कोणत्या प्रकारात आहे हेही पाहावे लागते. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत 2010 मध्ये पन्नास मीटर रायफल प्रोनची (फक्त झोपून नेम धरण्याच्या प्रकाराची) विश्वविजेती झाली, पण महिलांचा तो प्रकार ऑलिम्पिकमध्ये नव्हताच. तिचे पहिले ऑलिम्पिक टोकियोचे. त्याचा कोटा तिने 2019 मध्ये दोहाला थ्री पोझिशनमध्ये मिळवला.

राहिले वाइल्ड कार्ड. या जागा आज ज्या देशांचे मोजके खेळाडू पात्र ठरतात त्यांच्यासाठी असतात. पॅरिसला एकवीस नेमबाज पाठवणाऱ्या भारताला त्या मागताही येत नाहीत. पूर्वी आपल्याला त्या मिळाल्या आहेत, हे खरे. अंजली भागवत 2000 मध्ये सिडनीला वाइल्ड कार्डावरच गेली होती आणि तिथे तिने अंतिम फेरी गाठली, जी कोणत्याही कार्डावर मिळत नाही.