मांजराला पाव गोळी देऊ नका : ‘घरच्या घरी इमर्जन्सी’ मेसेजला उत्तर

गेल्या महिन्यात रात्री दहाच्या सुमारास आत्याचा व्हिडिओ कॉल आला. ठकीचं तोंड सुजलंय म्हणाली. ठकी म्हणजे तिचं मांजर, सव्वातीन किलोचं. मी म्हटलं, फोन जवळ धर आणि तिचा ओठ वर कर. हिरड्यांचा रंग पाहिला आणि पोटात गोळाच आला. कोऱ्या चहात चमचाभर दूध पडल्यावर येतो तसा मातकट तपकिरी. पुढचे दोन्ही पंजे फुगले होते आणि पोट भात्यासारखं वरखाली होत होतं.

“काय दिलंस तिला?”

“काही नाही गं. तापाची गोळी, तीपण पावच. मेसेजमध्ये होतं तसं. तूच दिलेली स्ट्रिप होती घरात.”

माझं कराडला मेडिकलचं दुकान आहे, सोळा वर्षं झाली. आत्याला सांधेदुखीसाठी पॅरासिटामॉलची ती साडेसहाशे मिलिग्रॅमची स्ट्रिप मीच दिली होती. म्हणून हे लिहिताना माझा आवाज चढला तर चढू दे.

तो मेसेज तुमच्याही ग्रुपवर आला असेल. ‘पशुवैद्याचा खर्च वाचवा, कुत्र्या-मांजरांची इमर्जन्सी घरच्या घरी’ असं शीर्षक, खाली सात मुद्दे, शेवटी ‘प्राणीप्रेमी असाल तर पुढे पाठवा’. त्यात म्हटलंय की नाक कोरडं आणि गरम लागलं की ताप समजून पॅरासिटामॉलची पाव गोळी द्या, कुत्र्याला-मांजराला दोघांना चालते. विष खाल्लं तर अर्धा ग्लास पाण्यात तीन मोठे चमचे मीठ घालून पाजा, उलटीनंतर दूध द्या. पोट फुगलं तर खायचा सोडा आणि ओवा. रक्ताचे जुलाब लागले तर ताक आणि पेज, तीन दिवसांत आपोआप थांबतात. बोक्याची लघवी अडली तर धण्याचं पाणी. साप चावला तर वर आवळून बांधा, तसंही कुत्र्याला विष फारसं बाधत नाही. आणि सातवा मुद्दा असा की प्राण्यांच्या आयसीयूत फक्त लूट असते, जनावर शेवटी मरतंच.

मी पशुवैद्य नाही. खाली जे आकडे दिलेत ते मर्कच्या पशुवैद्यकीय मॅन्युअलमधले आहेत. १९५५ पासून निघणारा हा संदर्भग्रंथ जगभरचे पशुवैद्य हाताशी ठेवतात आणि तो आज इंटरनेटवर फुकट वाचता येतो. मेसेज लिहिणाऱ्यालाही वाचता आला असता.

पहिला मुद्दा सगळ्यात आधी, कारण तो सर्वांत घातक आहे. माणसाचं यकृत पॅरासिटामॉलला एक जोड लावून त्याचा निचरा करतं. त्यासाठी लागणारं एन्झाइम मांजरात जवळजवळ नसतंच. मग औषध दुसऱ्या वाटेने फुटतं आणि त्यातून जो विषारी पदार्थ निघतो, तो रक्तातल्या तांबड्या पेशींवर तुटून पडतो. हिमोग्लोबिन तपकिरी होतं आणि ऑक्सिजन वाहून नेणं सोडतं. मांजर श्वास घेत असतं, छाती हलत असते, पण आत काही पोचत नाही. हिरड्यांचा तो रंग म्हणजे हेच. मांजराला किलोमागे १० मिलिग्रॅमसुद्धा बाधू शकतं. साडेसहाशेची पाव गोळी म्हणजे १६२ मिलिग्रॅम. सव्वातीन किलोच्या ठकीला किलोमागे ५० बसले. साठ किलोच्या माणसाने पाचशेच्या सहा गोळ्या एकदम घ्याव्यात तेवढं हे झालं, आणि त्या माणसाकडे निचऱ्याची सोय तरी असते.

‘पाव’ या शब्दाने लोक फसतात. पाव म्हणजे थोडं, थोडं म्हणजे निर्धोक, असं वाटतं. दुकानात लहान मुलाचं औषध मागायला कोणी आलं की मी पहिल्यांदा वजन विचारते. या मेसेजमध्ये सातपैकी एकाही मुद्द्यात वजन हा शब्द नाही. दोन किलोचं पिल्लू आणि चाळीस किलोचा रॉटवायलर, दोघांना तीच पाव गोळी.

मुळात ठकीला ताप होता का, हाही प्रश्नच आहे. कुत्र्या-मांजरांचं नेहमीचं तापमान साधारण १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. आपला हात लागला की ती गरमच लागणार. उन्हात झोपून उठलेल्या मांजराचं नाक कोरडं असतं, गाढ झोपेतून उठलेल्याचंही असतं. नाकावरून ताप कळत नाही, त्याला गुदद्वारात थर्मामीटर लावावा लागतो. म्हणजे या मेसेजच्या भरवशावर धडधाकट जनावराला विष घातलं जातंय.

कुत्र्यांना पशुवैद्य कधीकधी पॅरासिटामॉल देतात, एवढं मी कबूल करते. वजन करून, यकृताची अवस्था पाहून, मोजून देतात. पण आपल्या घरातल्या ‘अंगदुखीच्या गोळी’त पॅरासिटामॉलच्या जोडीला आयबुप्रोफेन नाहीतर डायक्लोफेनॅक असतं, आणि त्याने कुत्र्याच्या जठरात व्रण होतात, मूत्रपिंडं बसतात. तेव्हा कुत्र्यालाही आपल्या डब्यातली गोळी नाही म्हणजे नाही.

ठकीला त्याच रात्री आत्याच्या गावाहून, वाळव्याहून, सांगलीला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला आणि ॲसिटिलसिस्टीन सुरू केलं. माणसाला पॅरासिटामॉलची बाधा झाली की हाच उतारा देतात, आणि छातीतला कफ सुटावा म्हणून हेच औषध माझ्या दुकानातही असतं. पण ते आहे हे ठाऊक असणं आणि सुजलेल्या, हातात न ठरणाऱ्या मांजराला शिरेतून मोजून देणं, यात फार अंतर आहे.

आता मिठाचं पाणी. कुत्र्याच्या पोटात किलोमागे २ ते ३ ग्रॅम मीठ गेलं की विषबाधेची लक्षणं दिसू लागतात आणि ४ ग्रॅमच्या आसपास जीव जातो. तीन मोठे चमचे म्हणजे पन्नास ग्रॅम तरी झाले. पाच किलोच्या पामेरियनला किलोमागे दहा! उलटी होऊन सगळं बाहेर पडेल ही आशा, पण पडलं नाही तर रक्तातलं सोडियम चढतं, मेंदूतलं पाणी ओढलं जातं आणि झटके येतात. उंदराच्या विषाने मरायच्या आधी कुत्रा आपण दिलेल्या मिठाने मरेल. पूर्वी हा उपाय सांगितला जायचा, हे खरं. आता पशुवैद्य तो करू नका म्हणतात. उलटी काढायची तर दवाखान्यात त्यासाठी इंजेक्शन असतं. रॉकेल किंवा ॲसिड पोटात गेलं असेल तर तेही देत नाहीत, कारण वर येताना ते फुप्फुसात शिरतं नाहीतर अन्ननलिका पुन्हा भाजतं.

आणि दूध कशावरही उतारा नाही. आपल्याकडे उंदरांसाठी जी काळी पूड मिळते ती झिंक फॉस्फाइड. जठरातल्या आम्लाशी तिची गाठ पडली की फॉस्फिन हा विषारी वायू सुटतो. पोटात अन्न गेलं की आम्ल वाढतं, वायूही वाढतो. त्या कुत्र्याने बंद गाडीत उलटी केली तर गाडीतल्या माणसांनाही त्रास होतो, म्हणून नेताना काचा खाली ठेवा. निळ्या-हिरव्या वड्यांमध्ये बहुधा ब्रोमाडिओलोन असतं. त्याचं उलटंच. दोन-तीन दिवस कुत्रा ठणठणीत दिसतो, घरचे म्हणतात दूध लागू पडलं, आणि मग आत रक्तस्राव सुरू होतो. त्यावर व्हिटॅमिन के-१ कित्येक आठवडे द्यावं लागतं. म्हणून विषाचं रिकामं पाकीट, ते कचऱ्यात असलं तरी, उचलून सोबत न्या. डॉक्टरांचा निम्मा वेळ वाचतो.

सोड्याचं मात्र मी डोळ्यांनी पाहिलंय. दिवाळीच्या आधी दुकान बंद करायच्या वेळी एक मुलगा आला, मोबाइलवर हाच मेसेज उघडलेला. सोड्याच्या चार पुड्या द्या म्हणाला, जर्मन शेफर्डचं पोट फुगलंय. उलटी होते का, विचारलं. “उमाळे येतात ताई, पण फेसाशिवाय काही पडत नाही.” मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्याचं पोट ढोलासारखं ताणलेलं आणि उमाळा येऊन काहीच न पडणं, म्हणजे जठराला पीळ बसल्याची शंका घ्यायचीच. जठर स्वतःभोवती फिरतं, वरचं तोंड बंद, खालचंही बंद. अशा बंद पिशवीत सोडा टाकला तर आम्लाशी मिळून आणखी वायू होणार आणि त्याला बाहेर पडायला वाट नाही. ताणलेलं जठर मोठ्या शिरा दाबतं, हृदयाकडे रक्त परतत नाही. नळीने नाहीतर सुईने वायू काढायचा, सलाइन लावायचं, मग शस्त्रक्रिया करून पीळ सोडवायचा आणि जठर पोटाच्या भिंतीला शिवायचं, एवढाच उपाय आहे आणि त्यासाठी हातात काही तासच असतात. मी त्याला पुड्या दिल्या नाहीत, डॉक्टरांना फोन लावून दिला. पण संध्याकाळी सहापासून दोनदा सोडा देऊन झाला होता, तीन तास गेले होते. कुत्रा वाटेतच गेला. पोरगं दुसऱ्या दिवशी येऊन विचारत होतं, आधी आलो असतो तर? मी काय सांगणार त्याला.

उरलेल्यांवर फार लिहायची गरज नाही. कुत्र्याच्या पिल्लाला उलट्या आणि रक्ताचे जुलाब म्हणजे पार्व्हो या विषाणूच्या आजाराचा संशय. त्यात आतड्याचं अस्तर झडतं आणि पांढऱ्या पेशी कोसळतात. वेळेत सलाइन आणि औषधं मिळालेली बहुतेक पिल्लं वाचतात, न मिळालेली बहुतेक जातात. मेसेजमधल्या ‘तीन दिवसांत आपोआप थांबतात’चा अर्थ तोच. अडलेल्या बोक्याला धण्याचं पाणी पाजणं म्हणजे तुंबलेल्या मोरीत आणखी बादली ओतणं. रक्तात पोटॅशियम चढतं आणि हृदय थांबतं, एक-दोन दिवसांत. बोका पुन्हापुन्हा बसतोय, कण्हतोय आणि लघवीचा थेंब नाही, तर सकाळची वाट पाहू नका. पुष्कळांना ती बद्धकोष्ठता वाटते.

सापाचं विष कुत्र्याला बाधतं. हुंगायला पुढे जातो म्हणून बरेचदा तोंडावरच चावा बसतो, तिथे आवळून बांधणार काय? पायाला चावला तरी आवळल्याने तो पायच सडतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालणारी जी प्रतिविषाची लस माणसाला देतात तीच कुत्र्यालाही देतात. त्याला कमीत कमी हलू देऊन, उचलून न्यायचं.

राहिला सातवा मुद्दा. यात थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करते. तालुक्याच्या गावात रात्री पशुवैद्य मिळणं कठीण आहे. सरकारी दवाखाने दिवसाचे, आणि तिथला भर गाई-म्हशींवर. १९६२ हा टोल-फ्री क्रमांक आहे, फिरत्या पशुवैद्यकीय पथकांचा, पण तीही मुख्यतः पशुधनासाठी. व्हेंटिलेटर वगैरे मोठ्या शहरांतच. मुंबईत महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं लहान प्राण्यांचं मोठं रुग्णालय झालं तेच २०२४ मध्ये. खर्चही होतो. आत्याचं तीन दिवसांचं बिल अकरा हजारांवर गेलं आणि तिने ते दोन हप्त्यांत फेडलं. दाखल करतानाच अंदाजे खर्च लिहून मागा, रोज काय दिलं ते विचारा, वाचायची आशा किती आहे हे स्पष्ट विचारा. आशा नसेल तर जनावराला शांतपणे झोपवण्याबद्दल चांगला डॉक्टर स्वतःहून बोलतो, त्यात लूट नाही.

पण ‘शेवटी मरतंच’ हे खोटं आहे. ठकीच्या हिरड्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गुलाबी व्हायला लागल्या. तिसऱ्या दिवशी तिने डॉक्टरांच्या हातातला बांगडा ओढून घेतला. आत्याने मला तेवढ्यासाठी पुन्हा व्हिडिओ कॉल केला आणि बोलता बोलता रडली. ज्या काकांनी तो मेसेज आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला होता, त्यांना मी दोनदा फोन केलाय. अजून काढलेला नाही. आज हे सगळं त्याच मेसेजच्या खाली टाकते आहे.