‘जुन्या पिनबॉलचे स्विच आता मिळत नाहीत’ म्हणणाऱ्यांना

जुनं पिनबॉल यंत्र (काचेखालच्या उतरत्या फळीवर चेंडू फटकावून गुण मिळवायचा खेळ) घरी आणलेल्या माणसाला एक सल्ला हमखास मिळतो: ‘गॉटलिब, बॅली, विल्यम्स केव्हाच बंद पडल्या, त्यांचे स्विच आता बनत नाहीत. दुकानातला कुठलाही मायक्रोस्विच लावा, जास्त अँपिअरचा घ्या म्हणजे टिकेल. पातीचा स्विच अडत असेल तर पॉलिश पेपर मारा. चेंडू फटकावणाऱ्या फ्लिपरचा एण्ड-ऑफ-स्ट्रोक स्विच काढला तरी चालतं. तरीही गुण भलतेच पडले तर बोर्ड गेला.’ यातली कंपन्यांची गोष्ट तेवढी खरी आहे. (पातीचा स्विच म्हणजे दोन लवचीक धातूच्या पात्या एकमेकींना टेकल्या की जोडला जाणारा; मायक्रोस्विच म्हणजे छोट्या प्लास्टिकच्या डबीतला, बाहेरच्या तारेने बटण दाबलं जाणारा.)

‘बनत नाहीत.’ गॉटलिब १९९६ मध्ये थांबली. १९८८ पासून बॅलीचं पिनबॉल विल्यम्सकडे होतं आणि विल्यम्सने १९९९ मध्ये हा धंदा सोडला. सुटे भाग मात्र बनत राहिले. अमेरिकेत मार्को स्पेशालिटीज, पिनबॉल लाइफ, पिनबॉल रिसोर्स यांच्याकडे सुट्या पात्या, जोडलेले स्विच आणि मायक्रोस्विच विकत मिळतात. अडतं ते मागण्यापाशी. ‘अमुक खेळाचा स्विच द्या’ म्हणून भागत नाही, मॅन्युअलमधला पार्ट नंबर लागतो. बऱ्याच यंत्रांची मॅन्युअलं इंटरनेट पिनबॉल डेटाबेसवर आहेत. नंबर सापडलाच नाही तर मोजमाप घ्या: पातीची लांबी, स्क्रूच्या दोन भोकांमधलं अंतर, पॉइंट (पात्या जिथे टेकतात तो ठिपका) एका बाजूला आहे की दोन्ही, आणि तो कशाचा आहे.

पुष्कळदा अख्खा स्विच लागतही नाही, मोडलेली एक पाती बदलली की झालं. दोन्ही स्क्रू काढण्याआधी फोटो घ्या, कारण पात्या आणि त्यांच्यामधल्या, वीज न वाहणाऱ्या बेकेलाइटच्या पट्ट्यांचा क्रम चुकला तर स्विच कायमचा चालू किंवा कायमचा बंद राहतो. स्क्रूवर चढवलेली इन्सुलेशनची नळी परत घालायला विसरू नका, नाहीतर स्क्रूच सगळ्या पात्या जोडून टाकतो. स्क्रू घट्ट आवळायचे, फट त्यानंतर लावायची. जुनं बेकेलाइट आकसतं. त्यामुळे कित्येक ‘बिघडलेले’ स्विच नुसते स्क्रू आवळल्यावर सुधारतात! साध्या स्विचला साधारण दीड मिलिमीटर फट पुरते.

‘कुठलाही मायक्रोस्विच, जास्त अँपिअरचा.’ सगळ्यात जास्त नुकसान या सल्ल्याने होतं. इलेक्ट्रॉनिक यंत्रातले प्लेफिल्डवरचे (चेंडू पळतो त्या फळीवरचे) बहुतेक स्विच पाच ते बारा व्होल्टवर, काही मिलिअँपिअरवर चालतात. पाच अँपिअरच्या स्विचमध्ये सहसा चांदीचे पॉइंट असतात. चांदीवर काळपट थर धरतो आणि तो फोडण्याइतका करंट इथे नसतो. मग स्विच टिकटिक वाजतो, पण गुण पडत नाहीत. इथे ०.१ अँपिअरचा, सोन्याचा मुलामा दिलेला स्विच हवा. मापही बघा: लहान साच्याच्या स्विचच्या भोकांमध्ये ९.५ मिलिमीटर अंतर असतं, मोठ्यात २२.२.

तिसरी गोष्ट जोर. चेंडू सुमारे ८० ग्रॅमचा असला तरी घरंगळत जाताना तारेवर त्याचं सगळं वजन पडत नाही, म्हणून कमी जोराचा स्विच घ्यावा. तार वाकवायची तर बुडाशी पकडीने धरून पुढचाच भाग वाकवा, नाहीतर बिजागरी तुटते. स्क्रू अती आवळले तर प्लास्टिक दबून बटण अडकतं.

‘पॉलिश पेपर मारा.’ टंगस्टनच्या पॉइंटला बारीक कानस चालते. सोन्याचा मुलामा मात्र दोन घाशीत निघून जातो. तिथे पॉइंटमध्ये कोरं व्हिजिटिंग कार्ड धरून, पाती हलकी दाबून कार्ड ओढायचं. पॉलिश पेपर कशालाच नको, त्याचे कण पॉइंटमध्ये रुततात.

‘एण्ड-ऑफ-स्ट्रोक काढा.’ जुन्या फ्लिपरमध्ये हा स्विच एरवी जोडलेला (पॉइंट टेकलेले) असतो आणि फ्लिपर वर पोचला की सुमारे तीन मिलिमीटर उघडून कॉइलच्या जोराच्या वेटोळ्याचा करंट तोडतो. सरळ जोडून टाकला तर बटण धरून ठेवताच कॉइल जळते किंवा फ्यूज उडतो. नुसता काढला तर फ्लिपर लुळा पडतो. १९९२ च्या सुमारास आलेल्या फ्लिप्ट्रॉनिक्समध्ये, म्हणजे विल्यम्सच्या इलेक्ट्रॉनिक फ्लिपर-पद्धतीत, हाच स्विच उलटा, म्हणजे एरवी उघडा असतो, आणि त्याचे पॉइंट सोन्याचे असतात. तिथे टंगस्टनचा लावू नका.

‘बोर्ड गेला.’ इलेक्ट्रॉनिक बोर्ड काढण्याआधी यंत्रातलीच स्विच टेस्ट (कुठला स्विच दबलाय ते दाखवणारी) चालवा. इलेक्ट्रॉनिक यंत्रात जवळपास प्रत्येक स्विचला एक डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असतो. तो शॉर्ट झाला की एकाच वेळी दोन-तीन स्विच दाबले जाताच भलताच चौथा नोंदला जातो. १एन४००४ बहुतेक ठिकाणी चालतो, दिशा मात्र शेजारच्या स्विचवरून बघा, कारण विल्यम्स आणि बॅलीत करंट उलट दिशांनी वाहतो. १९७७ ते १९८५ च्या बॅलीत क्षणभर दबणाऱ्या स्विचवर, म्हणजे टार्गेट किंवा पॉप बंपरवर (चेंडू लागताच त्याला उडवणाऱ्या गोल खांबावर), ०.०५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटरही असतो, म्हणजे चेंडूचा झटपट बसलेला फटकाही नोंदला जातो. तो शॉर्ट झाला तर स्विच सतत दाबलेला दिसतो. त्याचा एक पाय कापून टेस्ट पुन्हा चालवा. तक्रार गेली तर तिथे नवा ०.०४७ चा लावा. डायोड आणि कपॅसिटर मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळतात, त्यासाठी अमेरिकेकडे बघायचं कारण नाही.

स्विच टेस्ट सोडली तर हे सगळं यंत्र बंद करून, प्लग काढूनच करायचं. याच बॅलीत कॉइलला ४३ व्होल्ट मिळतात. चालू यंत्रात पक्कड घसरून ते स्विचच्या पातीला लागले, तर मग खरोखरच बोर्ड जातो.