एका आंब्याच्या डागाचे 2500 रुपये

आज सकाळी व्हॉट्सॲप उघडलं तर मेसेज: "तुमचा स्टे कसा होता? पाच स्टार नक्की द्या!" त्याच्याच वर कालचा मेसेज होता. व्हिलाच्या 10,000 डिपॉझिटमधून 2500 कापलेत, कारण बेडरूमच्या चादरीवर आंब्याचा डाग.

आंब्याचा डाग. मे महिन्यात. अलिबागला.

मागच्या शनिवार-रविवारी आम्ही 14 जण अलिबागजवळ नागावला व्हिला घेऊन राहिलो. निमित्त आईची पंचाहत्तरी. तिने स्वतःहून एकच गोष्ट सोबत घेतली, आंब्याची पेटी. वडखळ सोडल्यावर रस्त्याकडेला पांढऱ्या कांद्याच्या वेण्या दिसल्या, तिथे गाडी थांबवायला लावली. मी ज्ञान पाजळलं, "आई, याला 2022 मध्ये जीआय, म्हणजे इथल्या खास मालाचा सरकारी शिक्का मिळालाय." "मिळू दे. मी चाळीस वर्षं नेतेय."

व्हिलात बघावं ते पांढरं. सोफा, पडदे, टॉवेल, चादरी. जिथे माणसाच्या पायाला वाळू आणि हाताला आंब्याचा रस लागणारच, तिथे! आणि किचनमध्ये पाटी: मासे तळू नयेत. नागावला जाऊन काय पनीर तळायचं?

दुपारी आई पातेल्यात आंबे भिजत घालून बसली. "या रे खायला." कोण येतंय! पोरं पूलमध्ये. मग तीच फोडी करून ताटली घेऊन एसीच्या खोलीत गेली, नातवंडांना भरवायला. माझ्या धाकट्याने चादरीला हात पुसला. एवढाच गुन्हा. तिथे काम करणाऱ्या मावशींनी लगेच चादर ओढली, साबण लावून उन्हात टाकली आणि संध्याकाळी आईला सांगितलं, "आजी, गेला बघा डाग." मीही पाहिली चादर. तरी 2500. नवी येईल की एवढ्यात!

हो, नियम वाचून मीच 'ओके' पाठवलं होतं. वाडीतल्या घरगुती खोल्याही मीच नको म्हटल्या, आईचे गुडघे, कमोड वगैरे. आणि रात्री दहानंतर गाणी बंद हे तर बरोबरच आहे, शेजारी माणसं राहतात.

पण मग त्या शेजारच्या माणसांचं पाणी? रविवारी सकाळी पूलसाठी टँकर आला, दोन्ही बाजूची कुंपणं घासत. मावशी म्हणाल्या, आमच्या नळाला दिवसाआड येतं. चारशे पावलांवर अख्खा समुद्र, आणि आम्ही टँकरच्या पाण्यात डुंबतोय. 14 पैकी समुद्रात पाय कितींनी बुडवले? पाच. त्यात मी नाही.

आई गेली होती. पहाटे सहाला, मावशींबरोबर. मला उठवलंसुद्धा नाही. मावशींनी काढलेला फोटो आहे: साडी वर खोचलेली, ओहोटीची ओली वाळू, हातात चपला. दोन दिवसांतला तिचा हसरा फोटो तेवढाच. केकच्या फोटोत ती कॅमेऱ्याकडे बघतेय, बस.

तिला खरं तर अलिबागच्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यात जायचं होतं. लग्नाच्या वर्षी बाबा तिला ओहोटीतून चालत घेऊन गेले होते. चहूकडे खारं पाणी आणि किल्ल्याच्या आत गोड्या पाण्याची विहीर. ती विहीर पुन्हा बघायची होती. रविवारी ओहोटी दुपारी साडेचारला होती, हे मावशींनी सांगितलंही होतं. त्या वेळी आम्ही पूलजवळ तिचा केक कापत होतो, कारण तेव्हा उजेड छान होता. मीच म्हटलं, "किल्ला पुढच्या वेळी, आई."

चादरीवर मी एवढा का चिडलोय ते आता टाइप करताना कळतंय.

काल बायको बोलता बोलता 2500 चं बोलून गेली. आईने पर्समधून पाचशेच्या पाच नोटा काढून टेबलावर ठेवल्या. "माझ्यामुळे गेले ना." नातवाचं नाव नाही घेतलं. नोटा फ्रिजवर चुंबकाखाली आहेत. मी हात लावलेला नाही.

स्टार दिलेले नाहीत. मावशींना स्टार द्यायची सोय त्या फॉर्मवर नाही.

पंधरवड्याने ओहोटी साधारण त्याच वेळेला येते. म्हणजे येत्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी. फक्त मी आणि आई. सकाळी निघायचं, रात्री परत. आंबे गाडीतच खाऊ. सीट कव्हर माझं आहे.