‘मिंडेन’चा तो मेसेज: खरं किती, खोटं किती

“मुंबईच्या गोदीत लवजी वाडियांनी नकाशा न काढता, एकही खिळा न ठोकता ‘मिंडेन’ बांधलं. साग असल्यानं त्याला कीड लागणं शक्यच नव्हतं. अमेरिकेचं राष्ट्रगीत याच जहाजावर लिहिलं गेलं.” हा मेसेज दर काही दिवसांनी पुन्हा येतो. त्यातली मुंबईची गोदी आणि साग तेवढे खरे.

लवजी १७७४ साली वारले. ‘मिंडेन’ पाण्यात उतरलं १८१० साली. ते बांधलं त्यांचे नातू जमशेटजी बमनजी यांनी.

नकाशाशिवाय म्हणाल तर, याच मुंबईच्या गोदीत बांधलेल्या ‘त्रिंकोमाली’ फ्रिगेटचे, म्हणजे मधल्या आकाराच्या युद्धनौकेचे, नकाशे १८१२ साली इंग्लंडहून ‘जावा’ या युद्धनौकेवरून निघाले. वाटेत अमेरिकनांनी ‘जावा’ जिंकली, नकाशे गेले, म्हणून नवी प्रत मागवावी लागली. जहाज १८१७ साली तयार झालं. मिस्त्रीचं कसब नकाशानंतर सुरू होतं: आकृती जमिनीवर पूर्ण मापात आखायची, पातळ फळ्यांचे साचे कापायचे आणि जहाजाच्या सांगाड्यातल्या बरगडीच्या बाकाशी जुळणारा बाक मुळातच असलेलं लाकूड शोधायचं. सरळ ओंडका बाकदार कापला की लाकडातल्या तंतूंच्या रेषा तुटतात आणि ताण पडताच बरगडी तिथेच तडकते.

बिनखिळ्याची गलबतं पश्चिम किनाऱ्यावर होती. त्यांच्या फळ्या काथ्यानं शिवत. ७४ तोफांच्या जहाजाला ते कसं पुरणार? तिथे बोल्टच लागतात, आणि सागाची खरी थोरवी इथे दिसते. ओकमधल्या आम्लानं लोखंड गंजतं, सागातल्या तेलानं ते टिकतं.

पण समुद्रातली लाकूड पोखरणारी कीड सागालाही सोडत नाही, फक्त वेळ जास्त लावते. म्हणून तळाला तांब्याचे पत्रे ठोकत. त्यातून नवीच अडचण: खाऱ्या पाण्यात तांब्याशेजारचं लोखंड झपाट्यानं झिजतं. त्यामुळे पाण्याखालच्या भागात तांब्याचे किंवा तांबेमिश्रित धातूचे बोल्ट आले. ‘कीड लागत नाही’ म्हणणाऱ्यांनी या महागड्या पत्र्यांचा हिशेब लावून दाखवावा.

राष्ट्रगीताचं म्हणाल, तर सप्टेंबर १८१४ मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरावर ब्रिटिश तोफा डागत असताना ते गीत लिहिणारे फ्रान्सिस स्कॉट की ब्रिटिश पहाऱ्यात होते खरे, पण पांढरं निशाण लावलेल्या अमेरिकन गलबतावर. ऐतिहासिक कागदावर सह्या झालेलं मुंबईचं जहाज हवंच असेल, तर जमशेटजींचंच ‘कॉर्नवॉलिस’ आहे: ब्रिटन आणि चीन यांच्यातला १८४२ चा नानकिंगचा तह त्यावर झाला.