‘थेट फेडरल कोर्टातच जा’ हा सल्ला अंगाशी येऊ शकतो

अमेरिकेतल्या आपल्या मंडळींमध्ये एक सल्ला हातोहात फिरतो: ‘बँकेवर किंवा वसुली एजन्सीवर दावा लावायचाय? थेट फेडरल कोर्ट गाठा. कायदा फेडरल आहे, स्टेट कोर्टाला अधिकारच नाही. रक्कम तेवढी ७५ हजार डॉलरच्या वर हवी. फेडरल म्हटलं की कंपनी नमते. स्टेट कोर्टात गेलात तरी ती खटला फेडरलमध्ये नेणारच.’ सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला असेल, पण यातलं जवळजवळ सगळं चुकीचं आहे.

अधिकाराचं आधी. १९७७च्या वसुलीविषयक फेडरल कायद्यातच म्हटलंय की दावा फेडरल जिल्हा न्यायालयात, रकमेची अट न लावता, किंवा अधिकार असलेल्या दुसऱ्या कोणत्याही न्यायालयात लावता येतो. क्रेडिट रिपोर्टच्या कायद्यातही हीच मुभा आहे. त्यामुळे ७५ हजारांचा प्रश्नच उरत नाही. ती अट राज्याच्या कायद्यावरचा दावा केवळ दोन्ही पक्ष वेगवेगळ्या राज्यांतले आहेत म्हणून फेडरल कोर्टात येतो तेव्हाची. शिवाय स्वतःचीच थकबाकी मागणाऱ्या बँकेला १९७७चा कायदा सहसा लागत नाही. कॅलिफोर्नियाचा रोझेन्थल कायदा (त्या राज्याचा स्वतःचा वसुलीविषयक कायदा) मात्र तिलाही लागतो.

‘कंपनी नमते’ हे सगळ्यात घातक. ट्रान्सयुनियन या क्रेडिट रिपोर्ट बनवणाऱ्या कंपनीच्या खटल्यातला २०२१चा निकाल बघा. नुसतं नाव जुळलं म्हणून ८,१८५ ग्राहकांच्या फायलींवर ‘दहशतवाद्यांच्या यादीशी संभाव्य साम्य’ असा शेरा पडला होता. त्यातल्या १,८५३ जणांचे रिपोर्ट कर्ज देणाऱ्यांकडे गेले होते. उरलेल्या ६,३३२ जणांच्या बाबतीत तो शेरा फाइलमध्येच राहिला, म्हणून प्रत्यक्ष हानी झाली नाही आणि फेडरल कोर्टात दादही नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं. एजन्सीच्या पत्रात कायद्याने आवश्यक मजकूर नव्हता, पण तुमचा एक डॉलरही गेला नाही, अशा तक्रारीचं तिथे काय होणार? प्रत्यक्ष हानीची ही फेडरल घटनात्मक अट स्टेट कोर्टांवर बंधनकारक नाही. बऱ्याच राज्यांत असा दावा उभा राहतो.

खटला फेडरलमध्ये नेता येतो हे खरं, समन्स मिळाल्यापासून साधारण ३० दिवसांत. पण तिथे नेऊन कंपनीच ‘हानी कुठे आहे?’ म्हणू लागली, तर कोर्टाला खटला स्टेट कोर्टाकडे परत पाठवावा लागतो. दावा तुम्ही मुळात फेडरलमध्येच लावला असेल तर मात्र तो सरळ फेटाळला जातो. वसुली कायद्याची मुदत फक्त एक वर्ष, आणि २०१९च्या निकालानुसार ती उल्लंघन झाल्या दिवसापासून मोजतात, ते तुमच्या लक्षात आल्यापासून नव्हे. फेटाळला जाईपर्यंत वर्ष उलटलं तर? ही भीती खरी आहे, आणि सल्ल्यात तिचा शब्दही नाही. जानेवारी २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक वाट मोकळी केली: फेडरलमध्ये नेलेल्या खटल्यातले फेडरल कायद्यावरचे मुद्दे वादीने गाळले आणि अधिकाराला दुसरा आधार नसेल, तर तो खटला राज्याकडे परत जातो. अर्थात मग फेडरल कायद्यातली १,००० डॉलरपर्यंतची भरपाई आणि कंपनीकडून मिळू शकणारी वकिलाची फीही सोडावी लागते.

फेडरल कोर्ट वाईट म्हणून मी हे लिहीत नाही. चुकीच्या रिपोर्टमुळे घराचं कर्ज नाकारलं गेलं, नकाराचं पत्र हातात आहे, कागदपत्रं तीन राज्यांतून मागवायची आहेत, तर दावा दाखल करण्याची ४०५ डॉलर फी भरून तिथेच जावं.

मात्र दोन्हीकडे जाण्याआधी क्रेडिट कार्डाच्या करारातलं लवादाचं कलम (वाद कोर्टाऐवजी खासगी लवादाकडे नेण्याची अट) शोधा. ते लागू होत असेल तर कंपनी दोन्ही कोर्टांतला खटला थांबवून घेऊ शकते.